९७ ची ओम्नी, अंगणात उघडलेलं इंजिन आणि गिअर बॉक्स

उसाचापाला | २ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमच्या आण्णांचा मंडपाचा धंदा होता. त्यासाठी घेतलेली १९९७ ची ओम्नी, कार्बोरेटरवाली, गेली चार वर्षं गोठ्यामागं ताडपत्रीखाली उभी होती. दिवाळीत ताडपत्री काढली, नवी बॅटरी टाकली, टाकीतलं कुजकट वासाचं पेट्रोल उपसलं, कार्बोरेटर धुतला. गाडी चालू झाली. झाली म्हणजे कशी, तीन सिलिंडरची गाडी दीड सिलिंडरवर चालावी तशी. ओम्नीत इंजिन सीटखालीच, त्यामुळे ते थडथडलं की आपणही थडथडतो. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर, पाच मिनिटांत तो जातो. चढाला ओढ अजिबात नाही. न्यूट्रलला उभी असताना खालून घरघर येते, क्लच दाबला की घरघर बंद. आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचं म्हटलं की कर्रर्र.

गावातल्या एका गॅरेजला दाखवली. मिस्त्रींनी ऑइलची पट्टी बघितली, सायलेन्सरपाशी हात धरून वास घेतला आणि दोन मिनिटांत निकाल दिला: "इंजिन फुल करायला लागतंय, बोअर मारून. गिअर बॉक्स जुन्या बाजारातनं दुसरा टाकू. पंचेचाळीस धरा."

पंचेचाळीस हजारात अशी दुसरी ओम्नी येईल, असं आण्णा म्हणाले. खरं तर त्यांना ती विकायचीही नाही आणि पैसेही घालायचे नाहीत.

मी साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पंप, गिअर बॉक्स, बेअरिंगं रोजची. मोटारीचं इंजिन मात्र कधी उघडलेलं नाही. मेमध्ये हंगाम संपला की वेळच वेळ आहे, पण तोवर धीर धरवेल असं वाटत नाही. घरच्या अंगणात हे काम होईल का? सुरुवात कुठून करू?

---

रिंगपाना | २ फेब्रुवारी, रात्री १०.१५

होईल. पण पाना हातात घ्यायच्या आधी कॉम्प्रेशन गेज घ्या. हजाराच्या आत येतो. धुराचा वास घेऊन बोअर मारायचा, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायचा, सल्ला देणाऱ्यांचा मला फार राग आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

गाडी गरम करा. तिन्ही प्लग काढा. कॉइलची वायर सोडा, कार्बोरेटरला जाणारं पेट्रोल बंद करा. एकानं ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायचा, दुसऱ्यानं गेज धरायचा. ॲक्सिलरेटर दाबायला लोक विसरतात, हवाच आत जात नाही आणि मग आकडा कमी आला म्हणून रडत बसतात. तिन्ही आकडे लिहा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. आकडा चांगलाच वर चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची भिंत), कारण ऑइलनं तेवढ्यापुरती फट भरली. चढला नाही तर गळती वरच्या बाजूला आहे, म्हणजे व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं पॅकिंग).

निळा धूर सकाळीच येतो आणि नंतर जातो म्हणताय. रिंगा गेलेली गाडी दिवसभर धूर ओकते, विशेषतः ॲक्सिलरेटर मारल्यावर. सकाळचा धूर म्हणजे व्हॉल्वची रबरी सीलं कडक झालीत, रात्रभर ऑइल थेंब थेंब खाली उतरतं.

---

निवृत्त_फिटर | ३ फेब्रुवारी, सकाळी ६.०५

गिअर बॉक्सबद्दल. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लचकडून बॉक्समध्ये येणारा दांडा, इंजिनाबरोबर फिरत असतो. क्लच दाबला की तो थांबतो. तुमचा आवाज त्याच वेळी थांबतो, म्हणजे इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट झालं असतं, म्हणजे क्लच दाबल्यावर आवाज आला असता, तर क्लचला दाबणारं रिलीज बेअरिंग. दुसऱ्याची करकर म्हणजे सिंक्रोची, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून देणारी, पितळी रिंग झिजली. बॉक्स बदलायचं कारण दिसत नाही. जुन्या बाजारातला बॉक्सही कुणीतरी असाच करकरतोय म्हणून काढलेला असतो.

३४ वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढली, म्हणून सांगतो. विचारा, संकोच नको.

---

सातारी_तर्री | ३ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. फोटो टाका राव.

---

परातवाली | ३ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

आमच्याकडे मागच्या वर्षी बुलेटचं इंजिन उघडलं होतं. भाकरीची परात नट धुवायला गेली ती गेलीच. घरातल्या बायकांच्या वतीने एकच विनंती, भांडी स्वतंत्र आणा.

---

उसाचापाला | ९ फेब्रुवारी, रात्री ८.५०

@परातवाली ताई, उशीर झाला. आईची जुनी परात मी शनिवारीच उचलली.

आकडे घ्या, पीएसआयमध्ये. पहिला १५०, दुसरा ९५, तिसरा ९०. ऑइल सोडून: पहिला १६०, दुसरा १००, तिसरा ९५.

---

रिंगपाना | ९ फेब्रुवारी, रात्री ९.०५

ऑइल सोडूनही दुसरा-तिसरा जागचे हलले नाहीत. आणि दोघे शेजारी आहेत! दोन शेजारचे सिलिंडर एकसारखे पडले की पहिला संशय त्या दोघांमधल्या गॅस्केटच्या पट्टीवर. एकाचं कॉम्प्रेशन दुसऱ्यात जातंय. बोअर मारायची भाषा तूर्त बंद. हेड काढा.

पाणी कमी होत होतं का? ऑइलच्या झाकणाला ताकासारखा पांढरा फेस?

---

उसाचापाला | ९ फेब्रुवारी, रात्री ९.३०

फेस नाही. पाणीही फारसं कमी होत नाही. पण आण्णांना खोदून विचारलं तेव्हा निघालं, की गाडी उभी करायच्या आधीच्या उन्हाळ्यात ती आंबा घाटात तापली होती, आणि "थोडी गार करून" ते तशीच घेऊन आले होते. हे चार वर्षांत पहिल्यांदा कळतंय.

---

निवृत्त_फिटर | १० फेब्रुवारी, सकाळी ६.१०

मग हेड वाकलं असणार. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, तापलं की जास्त पसरतं. आणि पट्टी फक्त दोन सिलिंडरांच्या मध्ये जळली तर पाणी-ऑइल एकत्र होत नाही, म्हणून फेस दिसत नाही. फेस नाही म्हणजे गॅस्केट ठीक, असं धरून चालणारे बरेच फसतात.

हेडचे बोल्ट सोडताना बाहेरून आत या, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. आवळताना मधून बाहेर. इंजिन पूर्ण गार असताना.

---

जुनाबाजार | १० फेब्रुवारी, दुपारी १.००

इंजिनाच्या सामानाची काळजी नको. ओम्नीचं ७९६ सीसीचं एफ८बी इंजिन आणि मारुती ८०० चं इंजिन घराण्यानं एकच, बोअर ६८.५ आणि स्ट्रोक ७२ मिमी. गॅस्केट किट, व्हॉल्व सीलं, वॉटर पंप सगळं सहज मिळतं. मात्र घेताना गाडी ओम्नी, कार्बोरेटर आणि सन हे तिन्ही सांगा, किरकोळ फरक आहेत. गिअर बॉक्सला हा हिशोब लागू नाही. ८०० ची पुढची चाकं ओढतात, ओम्नीची मागची. तिचा बॉक्स वेगळा, चार गिअरचा, प्रोपेलर शाफ्टवाला.

---

दुबईकर_चाकरमानी | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ७.४५

अवांतर: इथे माझ्या पाकिस्तानी फोरमनला ओम्नीचा फोटो दाखवला तर म्हणतो, ही तर आमची कॅरी डबा! १९७९ च्या सुझुकी कॅरीवरूनच दोन्ही निघाल्या. आपल्याकडे १९८४ ला मारुती व्हॅन आली, पुढं तिचीच ओम्नी झाली आणि २०१९ ला बंद पडली. त्यांच्याकडे बोलान नावानं २०२४ पर्यंत निघत होती, इंजिन हेच. त्यामुळे दुरुस्तीचे उर्दू व्हिडिओ भरपूर आहेत आणि ते मिस्त्री फार छान समजावतात.

---

उसाचापाला | १६ फेब्रुवारी, रात्री १०.००

हेड निघालं!

डावं सीट आणि झाकण काढून वरूनच सगळं केलं. निम्मा वेळ मी गाडीत गुडघ्यावर, डोकं खाली, पाय दाराबाहेर. गल्लीतली पोरं बघायला येत होती. मॅनिफोल्डचा एक नट गंजून इतका बसला होता की डिझेल टाकून रात्रभर ठेवावा लागला.

गॅस्केट उचललं आणि हसायलाच आलं. दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरमधली पट्टी करंगळीच्या पेराएवढी गायब. तिथं हेडवर काळा ओरखडा. रिंगपाना, तुमच्या तोंडात साखर, आमच्याच कारखान्याची.

पिस्टन खाली घेऊन बोअर बघितले. भिंतींवर होनिंगच्या (बारीक दगडानं घासून पाडलेल्या) तिरक्या रेघा अजून दिसतात, वरच्या काठाला नख फिरवलं तर पायरी जवळपास लागत नाही. या बोअरला पॉइंट पंचवीस मिमी मारायला निघाले होते!

हेडवर आडवी-तिरकी स्टीलपट्टी ठेवून फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) घातला. मधोमध ०.१५ मिमी आरामात जातो. मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५.

---

रिंगपाना | १६ फेब्रुवारी, रात्री १०.२०

आता हेड उद्यमनगरला न्या. कोल्हापूरच्या माणसानं हे काम दुसरीकडे नेलं तर पाप लागेल. सरफेस ग्राइंडिंग करणाऱ्याला फिलरचा आकडा सांगा आणि "सपाट होण्यापुरतंच घ्या" म्हणून बजावा. जास्त घेतलं तर कॉम्प्रेशन वाढून गाडी ठोके देईल.

व्हॉल्व काढताना कोणता कुठला ते खुणेनं ठेवा, बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला भोकं पाडून. लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व पेस्ट लावून त्याच्या सीटवर घासून बसवणं, घरी करा.

आणि हेड का तापलं ते शोधा, नाहीतर सहा महिन्यांनी याच धाग्यावर भेटू.

---

घाटातला_ढग | १७ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

माझं मत वेगळं आहे. हेड काढलंच आहे तर रिंगा का बदलत नाही? सामान हजार-दीड हजाराचं. उद्या रिंगा गेल्या तर परत सगळा खटाटोप.

---

रिंगपाना | १७ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

@घाटातला_ढग, रिंगा बदलायला चेंबर (खालची ऑइलची टाकी) उतरवा, बिगएंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) सोडा, पिस्टन वर काढा. आणि जुन्या घासून गुळगुळीत झालेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा होनिंगशिवाय नीट बसत नाहीत. पहिल्या सिलिंडरचा १५० आणि ऑइलनं फक्त १० चढ, हे रिंगा ठीक असल्याचं प्रमाणपत्र आहे. चांगलं चाललेलं उघडू नये.

---

घाटातला_ढग | १७ फेब्रुवारी, सकाळी १०.१०

पहिल्याचं प्रमाणपत्र दुसऱ्या-तिसऱ्याला चालतं का?

---

निवृत्त_फिटर | १७ फेब्रुवारी, दुपारी २.३०

प्रश्न रास्त आहे. दुसऱ्या-तिसऱ्यात ऑइल टाकूनही आकडा चढला नाही, पण गॅस्केटची गळती एवढी मोठी होती की तिच्यापुढे रिंगांचा फरक लपला असता. म्हणून बोअर डोळ्यांनी बघणं महत्त्वाचं. शिवाय पिस्टन पूर्ण वर आणा, कडेनं डिझेल ओता आणि किती वेळात खाली झिरपतं ते बघा. डिझेल तिन्हीकडं सारख्याच संथपणे उतरलं तर रिंगांना हात लावू नका. एकाकडं झरझर उतरलं तर उघडा. नंतर ऑइल बदलायचं विसरू नका, डिझेल चेंबरमध्ये गेलेलं असतं.

---

उसाचापाला | २३ फेब्रुवारी, रात्री ९.१०

डिझेल तिन्हीत सारखंच संथ. रिंगांना हात लावला नाही.

लॅपिंग केलं. काठीच्या टोकाला रबरी कप, व्हॉल्व त्याला चिकटवायचा, पेस्ट लावायची आणि दोन तळव्यांत काठी धरून रवी घुसळल्यासारखं फिरवायचं. सुरुवातीला खरखर ऐकू येते, मग आवाज हळूहळू मऊ होतो आणि सीटवर राखाडी रंगाचं एकसंध कडं उमटतं. सहा व्हॉल्व, दोन संध्याकाळी. आई म्हणाली, ताक तरी निघालं असतं एवढ्यात.

मग हेड उलटं ठेवून व्हॉल्वच्या खोलग्यांत पेट्रोल भरलं आणि अर्धा तास पोर्टकडं बघत बसलो. एका एक्झॉस्टला ओल आली. तो परत घासला. नंतर कोरडं.

जुनी व्हॉल्व सीलं बोटांनी दाबली तर बिस्किटासारखी तुटली.

तापण्याचं कारणही सापडलं. रेडिएटर अर्ध्याहून जास्त बुजलेला. आण्णा वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी भरत होते, आत नळ्यांना चुन्याचा थर. रेडिएटरवाल्यानं वरची टाकी उघडून नळ्यांतून सळ्या घालून साफ केला. वॉटर पंपाच्या शाफ्टला खेळ होता, तोही बदलला. टायमिंग बेल्ट नवा. आता कूलंटच.

---

मावळती_दुपार | २४ फेब्रुवारी, दुपारी १२.००

टॉर्क पान्याबद्दल स्वानुभव. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात, बाजारातले पाने न्यूटन-मीटर आणि फूट-पाउंड दाखवतात. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. एक फूट-पाउंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर. मी न्यूटनचा आकडा फूट-पाउंडच्या बाजूला लावला आणि आवळत गेलो. आवळता आवळता बोल्ट अचानक मऊ लागायला लागला. तो मऊपणा हाताला कळतो आणि पोटात गोळा येतो. बोल्ट ब्लॉकमध्येच तुटला. पुढचे दोन दिवस ड्रिल आणि देवाचं नाव.

---

उसाचापाला | २ मार्च, रात्री ८.३०

इंजिन चालू झालं. पण लगेच नाही.

पहिल्यांदा सेल्फ मारला तर कार्बोरेटरमधून फाट् करून जाळ! भुवया शाबूत आहेत. वाळूची बादली शेजारी होती. फायरिंग ऑर्डर १-३-२ बरोबर, तारा बरोबर, बेल्टच्या खुणा बरोबर. काय चुकलं?

---

निवृत्त_फिटर | २ मार्च, रात्री ८.५०

एक नंबरचा पिस्टन वर आहे म्हणून डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा) बसवलात ना? पिस्टन चार स्ट्रोकमध्ये दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टला. तुम्ही एक्झॉस्टला बसवलाय. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून क्रँक हातानं फिरवा. अंगठा ढकलला जाईल ती कॉम्प्रेशनची वेळ.

चार सिलिंडरच्या गाडीत अशा वेळी तारा समोरासमोर बदलून काम भागतं. तीन सिलिंडरला ती पळवाट नाही. कॅपवर तारा १२० अंशांवर आणि चूक १८० अंशांची, समोर तारच नसते. डिस्ट्रिब्युटर काढून रोटर अर्धा फेरा फिरवूनच बसवा.

---

उसाचापाला | २ मार्च, रात्री १०.४०

दंडवत घ्या काका. दुसऱ्या सेल्फला चालू. आण्णा बनियनवर बाहेर आले, सायलेन्सरमागं उभं राहून धूर बघितला, "हं" म्हणाले आणि परत झोपायला गेले. आमच्याकडे ही मोठी शाबासकी आहे.

कॉम्प्रेशन आता १५५, १५०, १५०.

---

सातारी_तर्री | ३ मार्च, सकाळी ७.५०

नाद खुळा! गिअर बॉक्सच्या प्रतीक्षेत.

---

निवृत्त_फिटर | ३ मार्च, सकाळी ८.१५

गाडीखाली जायच्या आधी हे वाचा.

जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही. कधीच नाही. विटा नाहीत, सिमेंटचे ठोकळे तर मुळीच नाहीत, ते सांगून फुटत नाहीत. लोखंडी घोडी घ्या, चार. आणि प्रोपेलर शाफ्ट सुटला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी गिअरमध्ये राहत नाही, कारण चाकांचा आणि बॉक्सचा संबंधच तुटलेला असतो. लोक इथं फसतात. घोडीवर घ्यायच्या आधी आणि उतरवल्यावर चाकांना लाकडी पाचरी लावा, दोन्हीकडून.

शाफ्ट काढायच्या आधी बॉक्सचं ऑइल सोडा. नाहीतर शाफ्ट मागं ओढताक्षणी सगळं ऑइल कोपरापर्यंत येतं. फ्लँज आणि शाफ्टवर छिन्नीनं खूण करा, तसाच बसला पाहिजे. बॉक्स सुटला की इंजिनाचा मागचा भार मोकळा होतो, तेव्हा इंजिनाखाली लाकडाचा तुकडा ठेवून दुसरा जॅक.

---

उसाचापाला | ९ मार्च, रात्री ९.००

बॉक्स खाली उतरला. मी खाली आडवा, चुलतभाऊ दुसऱ्या बाजूला, मध्ये जुनी गादी. सेल्फ मोटर, क्लच केबल, गिअरच्या केबली, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर सोडवली आणि सगळ्यांना टिकल्यांसारखे रंगाचे ठिपके दिले.

ऑइल परातीत घेतलं. काळं आणि उन्हात धरलं तर सोनेरी चमचम. दिसायला सुंदर, पण ती चमचम म्हणजे सिंक्रोच्या रिंगांचं पितळ.

बॉक्स उघडायला मी कारखान्यातल्या सवयीनं निवांत होतो. सर्कलिपचा पक्कड, पुलर आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. इनपुट शाफ्टचं बेअरिंग हातानं फिरवलं तर गोटीवर खड्डा पडल्यासारखं अडखळत होतं. दुसऱ्याची सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूवर दाबून फिलरनं फट मोजली, ०.४. नवी रिंग त्याच गिअरवर बसवून मोजली, १.१. जुन्या रिंगेच्या आतल्या बारीक आट्या पार सपाट, नख अडकत नाही. मग ती शंकू धरणार कशी आणि गिअर करकरणार नाही तर काय.

बेअरिंगबद्दल एक सांगतो, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं. स्पेअरच्या दुकानात "ओम्नीचं बेअरिंग द्या" म्हणू नका. जुन्या बेअरिंगच्या कडेवरचा नंबर वाचा आणि बेअरिंगच्या दुकानात जा. नंबरापुढची अक्षरंही सगळी उतरवून घ्या. एनआर म्हणजे बाहेरच्या कड्यावर खाच आणि तिच्यात रिंग. सी३ म्हणजे आतला खेळ नेहमीपेक्षा जास्त ठेवलेला, गरम झाल्यावर जाम होऊ नये म्हणून. सी३ च्या जागी साधं घातलं तर बसतं झकास, टिकत नाही. आणि नकली माल इतका आहे की खोक्यावर विश्वास ठेवू नका, कड्यावरचं कोरीव काम भिंगातून बघा.

---

जुनाबाजार | १० मार्च, दुपारी १.३०

बॉक्स उतरलाच आहे तर क्रँकचं मागचं सील, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग बदला. सील किरकोळ पैशांचं आहे, मेहनत सगळी तिथं पोचण्याची.

---

रिंगपाना | १० मार्च, संध्याकाळी ६.१०

आणि बॉक्समध्ये जीएल-४ ऑइल. दुकानदार "हे त्याच्यापेक्षा भारी" म्हणून जीएल-५ देईल, घेऊ नका. जीएल-५ हे मागच्या डिफरन्शियलच्या हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर घसटत फिरणाऱ्या तिरक्या, दातांसाठी. त्यातली गंधकाची रसायनं पितळाला चावतात आणि ते इतकं निसरडं की सिंक्रो रिंगेला पकडच मिळत नाही. एकाच गाडीत दोन ठिकाणी दोन ऑइलं. डबे अदलाबदल करू नका.

---

उसाचापाला | १६ मार्च, रात्री ११.३०

मदत हवी आहे. सगळं जोडलं. नवी क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, मागचं सील. इंजिन बंद असताना चारही गिअर आणि रिव्हर्स लोण्यासारखे पडतात. इंजिन चालू केलं की एकही पडत नाही. क्लच पार तळापर्यंत दाबला तरी नाही. केबलचा खेळ सगळ्या प्रकारे लावून बघितला. बॉक्स मी चुकीचा जोडला का? तीन रविवार गेलेत यात.

---

निवृत्त_फिटर | १७ मार्च, सकाळी ५.५५

बॉक्स बरोबर आहे, नाहीतर बंद असतानाही गिअर पडले नसते. क्लच सुटत नाहीये. प्लेट नवी आहे, गंजून चिकटायचा प्रश्न नाही. केबल तुम्ही बघितली. एकच राहिलं. प्लेटच्या मधल्या स्प्रिंगांचा फुगीर भाग कुठल्या बाजूला ठेवलात, फ्लायव्हीलकडे (इंजिनाच्या जड चाकाकडे) की बॉक्सकडे?

---

उसाचापाला | १७ मार्च, सकाळी ७.१०

फ्लायव्हीलकडे.

---

निवृत्त_फिटर | १७ मार्च, सकाळी ७.१५

उतरवा.

---

परातवाली | १७ मार्च, सकाळी १०.००

अरेरे. इतका छोटा आणि इतका क्रूर प्रतिसाद या संस्थळावर पहिल्यांदाच वाचला.

---

उसाचापाला | २३ मार्च, रात्री ९.४५

उतरवला. प्लेटवर इंग्रजीत स्वच्छ छापलंय, "फ्लायव्हील साइड". मी ते वाचलं होतं. वाचता आलं म्हणजे ती बाजू माझ्याकडे होती, म्हणजे फ्लायव्हीलकडे नव्हती, एवढं रात्री साडेदहाला डोक्यात आलं नाही. फुगीर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासल्याच्या खुणा आहेत. प्लेट वाचली.

पहिल्या वेळी बॉक्स उतरवायला अख्खा दिवस लागला होता. या वेळी अडीच तास. प्लेट मध्यावर धरायला लाकडाचा दांडका तासून घेतलाय, त्याला टेप गुंडाळली की इनपुट शाफ्टच्या मापाचा होतो. दांडक्याशिवाय बसवाल तर बॉक्स शेवटच्या बोटभर अंतरावर अडतो आणि माणसं बोल्टांनी ओढून घेतात. तसं करू नका, प्लेटचा हब वाकतो.

---

मावळती_दुपार | २४ मार्च, सकाळी ११.००

इंजिन-बॉक्स झालं, आता कागदपत्रं? ९७ ची म्हणजे पहिली पंधरा वर्षं २०१२ ला संपली, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारीची ही फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेची पाच हजार झाली, वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. बाकी हेड, बॉक्स बदललात तरी आरसीला फरक नाही, पण कुणी कधी ब्लॉकच बदलला तर नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो.

---

रिंगपाना | २४ मार्च, दुपारी ३.२५

आणि पेट्रोलची रबरी नळी, कार्बोरेटरचं डायफ्राम, पंपाचं डायफ्राम नवे घाला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, ९७ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. फुगतं, मग तडे जातात. तुमच्या गाडीत इंजिन माणसाच्या खाली आहे हे लक्षात ठेवा.

---

उसाचापाला | ३० मार्च, रात्री ८.२०

नळ्या आणि डायफ्राम बदलले. आज आण्णांना घेऊन पन्हाळ्याला जाऊन आलो. वाघबीळनंतरचा चढ दुसऱ्या गिअरवर, तिसऱ्यावरून खाली घेताना कान टवकारून बसलो होतो. काही नाही. नुसता टक्. तापमानाचा काटा मध्याच्या खाली. वर तबक बागेपाशी गाडी थांबवली, तर आण्णांनी उतरून पहिलं काम केलं ते वाकून खाली बघायचं.

हिशोब विचारणाऱ्यांसाठी: सामान, हेडचं ग्राइंडिंग, रेडिएटर, ऑइलं धरून १६ हजार ४००. घोडी, टॉर्क पाना, गेज, पुलर वेगळे, साडेसात हजार. ती हत्यारं राहिली घरात. जळकं ऑइल दोन कॅनमध्ये भरून ते गोळा करणाऱ्याकडे दिलं, ओढ्यात नाही.

---

घाटातला_ढग | ३० मार्च, रात्री ९.००

अभिनंदन! रिंगांबद्दलचं माझं मत मागं घेतो. तात्पुरतं.

---

परातवाली | ३१ मार्च, सकाळी १०.३०

सगळं वाचलं, छान झालं. पण आईंच्या परातीचं काय झालं ते लिहिलंच नाहीत.

---

उसाचापाला | ३१ मार्च, संध्याकाळी ७.००

ताई, आण्णांना पन्हाळ्यावर वाकल्यावर जे दिसलं ते मी काल लिहिलं नव्हतं. बॉक्सच्या मागच्या टोकाला, शाफ्ट आत जातो तिथून थेंब. ते सील सोडून बाकी सगळं बदललं होतं. परात सध्या त्याच्याखाली आहे. रात्रभरात रुपयाएवढा डाग पडतो. येत्या रविवारी शाफ्ट परत काढतोय, या वेळी ऑइल आधी सोडून.